अकीक : कातळातून बाजारापर्यंत

मराठीत गारगोटीला फारशी प्रतिष्ठा नाही. नदीच्या पात्रात ती पायाखाली येते. मुले रात्री दोन गारगोट्या एकमेकींवर घासून त्यांतून उमटणारा मंद उजेड पाहतात आणि सकाळी फेकून देतात. मात्र तीच गारगोटी निर्मळ आणि पारदर्शक रूपात हाती आली, की आपण तिला स्फटिक म्हणतो. मग तिची जपमाळ होते, तिच्यातून जिनप्रतिमा कोरली जाते, आणि ती प्रतिमा पाहण्यासाठी माणसे मूडबिद्रीपर्यंत यात्रा करतात. जांभळी छटा असली, तर जवाहीर तिला ॲमेथिस्ट म्हणून तोलून देतो. एकाआड एक रंगांचे पट्टे असले, तर ती अकीक, बोलीत हकीक. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची ती सुलेमानी आणि तांबूस तेजाची ती कार्नेलियन. नावे बदलतात, भाव बदलतो. द्रव्य मात्र एकच राहते. सिलिकॉनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन, एवढीच त्याची घडण. रसायनशास्त्र त्याला सिलिका म्हणते आणि खनिजशास्त्र क्वार्ट्‌झ.

पाठशाळेत ‘जीवविचार’ शिकलेल्या वाचकांना आठवेल, की त्यातील पृथ्वीकाय जीवांच्या गणनेचा आरंभच स्फटिक, मणी आणि रत्ने यांच्यापासून होतो. जमिनीतून काढलेला दगड हा आपल्या परंपरेत कधीच निव्वळ निर्जीव माल नव्हता. तो मुद्दा पुढे ओघाने येईल. आधी या दगडाचे कूळ पाहू.

कवच म्हणून पृथ्वीने पांघरलेल्या भूपृष्ठात फेल्स्पारखालोखाल विपुल असे हे खनिज आहे. वाळूच्या चमचमत्या कणांत ते असते, ग्रॅनाइटमध्ये असते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात मात्र मूळ घटक म्हणून ते जवळजवळ नसते, आणि तरीही जगातील नामांकित अकीक याच कातळाच्या पोटी जन्मले. ही विसंगती वाटते तितकी अवघड नाही.

सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या आणि भोवतीच्या प्रदेशाच्या भूमीला लांबलचक भेगा पडून लाव्हा वाहू लागला. एकदा नव्हे, अनेकदा. एक थर निवावा, त्यावर दुसरा यावा, असे थर साचत गेले. त्यांतील आज शिल्लक राहिलेला भागच सुमारे 5 लक्ष चौरस किलोमीटर आहे. ज्या कातळात अजिंठ्याची आणि वेरूळची लेणी खोदली गेली, तो हाच. तप्त लाव्ह्यात वायू विरघळलेले असतात. लाव्हा वर येताच दाब कमी होतो, वायूचे बुडबुडे होतात आणि ते पृष्ठभागाकडे निघतात. पावाच्या पिठाला आंबवणी लागल्यावर जशी जाळी पडते, तशी जाळी थराच्या वरच्या भागात पडते. लाव्हा गोठला, की बुडबुडे गेले तरी त्यांच्या पोकळ्या मागे राहतात. काही वाटाण्याएवढ्या, काही नारळाएवढ्या, क्वचित माणूस आत उभा राहील एवढ्या.

पुढचे काम पाण्याने केले. कोमट वा उष्ण पाणी कातळातून झिरपत असता वाटेत त्यातील काचसदृश भाग आणि खनिजे थोडी थोडी विरघळवीत गेले आणि सिलिका घेऊन या पोकळ्यांत उतरले. तेथे ती सिलिका भिंतीवर थर देऊन बसली. एक थर, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकात लोहाचे प्रमाण किंचित निराळे, म्हणून प्रत्येकाची छटा निराळी. हे थर नेमके कोणत्या क्रमाने आणि किती काळात बसले, याविषयी भूशास्त्रज्ञांत आजही वाद आहेत. फलित मात्र आपल्यासमोर आहे. अकीकाचा गोटा मधोमध कापला, की पोकळीच्या मूळ आकाराला धरून आत आत जाणाऱ्या रेषा दिसतात. मध्यभागी जागा उरली असेल, तर तेथे सुटे, सहा बाजूंचे, टोकदार स्फटिक उगवलेले असतात. त्यांच्या जडणीत लोहाचा अंश शिरला आणि भोवतीच्या नैसर्गिक किरणोत्साराचा त्यावर दीर्घकाळ परिणाम झाला, की तेच स्फटिक जांभळे होतात. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात विहिरी खोदताना आणि खाणींत सुरुंग लावताना असे गोटे निघतात. पूर्वी ते खडीत जात. आता त्यांना, आणि त्यांच्यासोबत सापडणाऱ्या झिओलाइट खनिजांना, देशोदेशीचे संग्राहक मागणी करतात. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ती नीट मांडलेली पाहता येतात. मुलांना एकदा अवश्य न्यावे.

स्फटिक आणि अकीक यांच्यातील भेद हा आकाराचा आहे. स्फटिकात एकच मोठा, शिस्तबद्ध खडा असतो. अकीकात तेच द्रव्य इतक्या सूक्ष्म तंतूंनी विणलेले असते, की साध्या डोळ्यांना तंतू दिसत नाहीत. एखाद्या लाकडी ओंडक्याला एका फटक्यात चीर जावी आणि घट्ट पीळ दिलेल्या दोराला न जावी, तसा हा प्रकार आहे. याच विणीमुळे अकीक चिवट होतो आणि तिच्यातील सूक्ष्म छिद्रांमुळे तो रंगही शोषतो. हे शेवटचे वैशिष्ट्य ग्राहकाने ध्यानात ठेवावे. त्याचे कारण खाली सांगेन.

काठिण्य मोजण्याची जी पट्टी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस याने 1812 साली तयार केली, तीत हिरा दहावा आणि क्वार्ट्‌झ सातवा. चाकूचे पोलाद आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. याचा अर्थ असा, की गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो, काचेने गारगोटीवर उठत नाही. घरात रोज साचणाऱ्या धुळीतही क्वार्ट्‌झचे कण असतात. म्हणूनच सातापेक्षा मऊ खड्यांची झिलई नुसत्या पुसण्याने काही वर्षांत मंद पडते, तर अकीकाची अंगठी आजोबांकडून नातवाकडे त्याच तेजाने येते. दुसरा गुण अविद्राव्यतेचा. हायड्रोफ्लोरिक आम्ल वगळता सामान्य आम्लांना तो दाद देत नाही. प्रयोगशाळेत रसायने घोटण्यासाठी अकीकाचे खल वापरतात ते यासाठीच: घोटताना खलाचा अंश औषधात उतरत नाही. नाजूक तराजूंच्या दांडीला पेलणारी धारही बरीच वर्षे अकीकाची असे. सराफी पेढीत वाढलेल्या ज्येष्ठांनी असे तराजू पाहिले असतील.

त्याचा आणखी एक उपयोग आपल्या ज्ञानभांडारांशी जोडलेला आहे. हातकागद खळ देऊन वाळला, की त्यावर अकीकाचा गुळगुळीत गोटा दाबून फिरवीत. त्यामुळे कागदाचे तंतू दबून शाई पसरत नसे आणि बोरू अडखळत नसे. चित्रांतील सोन्याचा वर्खही असाच घोटून उजळीत. एखाद्या जुन्या पोथीचे पान उजेडाकडे तिरपे धरून पाहिले, तर कागदावर जी मंद चकाकी दिसते तिला घोटाई कारणीभूत असते. अशा घोटाईसाठी अकीकासारखा दगड नाही. तो कागद खरवडत नाही आणि स्वतः झिजत नाही. सोन्याच्या मुलाम्याच्या चौकटी करणारे कारागीर आजही तोच वापरतात.

मनगटावरील घड्याळात असणाऱ्या क्वार्ट्‌झविषयी विचारणा नेहमी होते, म्हणून थोडक्यात. 1880 मध्ये प्येर आणि झाक क्युरी या बंधूंनी दाखवून दिले, की या स्फटिकावर दाब दिला असता त्यावर विद्युतभार निर्माण होतो. उलट दिशेने, वीज दिली असता तो ठरावीक गतीने कंप पावतो. घड्याळातील इवल्या स्फटिकाला सेकंदाला 32,768 वेळा थरथरेल असे कापतात. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे. त्याला पंधरा वेळा निम्मा केला, की बरोबर एक सेकंद मिळतो. जपानच्या सेको कंपनीने 1969 साली असे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. हा स्फटिक आता खाणीतून येत नाही. प्रचंड दाबाच्या पोलादी भांड्यांत तो वाढवला जातो.

आता व्यापार. व्यापारी कुटुंबांच्या मासिकात त्याला दोन पाने अधिक मिळाली, तरी वाचक रागावणार नाहीत.

सोळाव्या शतकात अकीकाची ख्याती खंभातच्या नावाने होती. दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने 1516 च्या सुमारास लिहिलेल्या वृत्तांतात खंभातचे कारागीर, त्यांच्या अंगठ्या, मणी आणि शस्त्रांच्या मुठी यांचे वर्णन आहे. मणी अरबस्तानात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात. पण हा व्यापार पोर्तुगिजांहून, नव्हे इस्लामच्या उदयाहूनही जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची जी मार्गदर्शिका लिहिली, ‘पेरिप्लस’ या नावाची, तीत भडोच बंदराच्या मालाची नोंद आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले धाराशिव जिल्ह्यातील तेर. तगराहून कापड येई आणि पैठणहून हा पट्टेदार दगड, मोठ्या प्रमाणावर, बैलगाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून. दोन हजार वर्षांपूर्वी गोदावरीकाठचा कोणी व्यापारी सह्याद्रीतील गारगोट्या गाड्यांत भरून समुद्राकडे पाठवीत होता, त्याचा माल रोमन साम्राज्यातील श्रीमंतांच्या मुद्रांत आणि पेल्यांत जाऊन बसत होता, आणि त्याला त्याचा हिशेब ठेवावा लागत होता. त्याची चोपडी आपल्याकडे असती, तर काय वाटेल ते दिले असते.

त्याही मागे गेले, तर नेवासे आणि इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगातील शेतकरी याच दगडाची सरळ, धारदार पाती काढून त्यांनी कापणी करीत. तांबे दुर्मीळ होते, गारगोटी दारात होती. आणि त्याहून जुनी हकीकत सिंधू संस्कृतीची. 1955 पासून एस. आर. राव यांनी लोथल येथे केलेल्या उत्खननात मणी बनवण्याची कर्मशाळा सापडली. लोथलहून खंभातचे आखात फार दूर नाही. लिओनार्ड वुली यांनी इराकमधील उर येथील राजकबरी उघडल्या, तेव्हा तेथील राजस्त्रियांच्या गळ्यांत सिंधू बनावटीचे कार्नेलियनचे लांब मणी मिळाले. त्या मण्यांना आरपार भोक पाडायला एकेका कारागिराला कित्येक दिवस लागत असले पाहिजेत. सात काठिण्याच्या दगडात दोन बाजूंनी भोक पाडत आणायचे आणि ते मध्ये जुळायचे, हे आजही सोपे काम नाही.

खंभातला दगड येतो तो भडोच जिल्ह्यातील झगडिया तालुक्यातल्या रतनपूरहून. कातळ हवापाण्याने कुजून वाहून जातो, पण त्याच्या पोटातील अकीक कुजत नाही. तो नद्यांबरोबर गडगडत जाऊन दूरच्या गाळात, गोट्यांच्या थरांत साठतो. रतनपूरला अशाच प्राचीन गोट्यांच्या थरांत खड्डे खोदून तो काढतात. टेकडीवर बावा गोर या सिद्दी संताचा दर्गा आहे. परंपरा सांगते, की ते अबिसिनियाहून आले आणि दगड तापवून लाल करण्याची विद्या त्यांनी शिकवली. म्हणून अकीकाच्या धंद्यात कोणत्याही धर्माचा माणूस त्यांचे नाव आदराने घेतो.

ती विद्या अशी. जमिनीतून निघालेला गोटा बहुधा पिवळट, तपकिरी, अनाकर्षक असतो. तो महिनोन्‌महिने उन्हात वाळवतात, कारण आत पाणी राहिले तर आचेत तो तडकतो. मग मातीच्या भांड्यांत घालून, शेणी वा लाकडाचा भुसा यांच्या संथ आचेवर रात्रभर ठेवतात. दगडात लोह असते ते पाण्याशी जडलेल्या, पिवळ्या रूपात. उष्णतेने ते पाणी निघून जाते आणि त्याच लोहाचे लाल रूप उरते. बाहेरून रंग घातलेला नसतो, आतलाच पालटलेला असतो. विटेची माती भट्टीत लाल होते, तेच येथे घडते.

पुढे कारागीर जमिनीत रोवलेल्या टोकदार लोखंडी गजाशी गोटा टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलके ठोके देतो. घाव वरून, टवका मात्र गजाच्या टोकाशी निघतो. लोखंडी हातोडीने दगड फुटला असता. शिंग घाव मऊ करते. अशा ठोक्यांनी मण्याचा ओबडधोबड आकार सिद्ध होतो. मग कुरुंदाच्या चाकावर घासाई, हिऱ्याची कणी बसवलेल्या सामत्याने वेध आणि शेवटी झिलई. ‘खंभातचे अकीक’ या नावाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

या साखळीतील घासाई हीच माझ्या लेखाचे खरे कारण आहे.

नोकरीच्या काळात माझी तीन वर्षे त्या मुलखात गेली. लघुउद्योगांची कर्जप्रकरणे पाहणे हे काम. घासाईचा उद्योग म्हणजे घराची पडवी, एक विजेची मोटर, एक चाक आणि चाकासमोर मांडी घालून बसलेला माणूस. पाणी न लावता, कोरडी घासाई. चाकाला दगड लागताच पांढरा धुरळा उडे आणि पडवीतील खाटेवर, पाण्याच्या माठावर, शेजारी खेळणाऱ्या मुलाच्या केसांवर बसे. कर्जाच्या अर्जात मोटरच्या किमतीचा रकाना होता, अपेक्षित नफ्याचा होता, विम्याचा होता. धुळीचा नव्हता. चाळिशीच्या आतले कर्जदार जिना चढताना दोनदा थांबत. दमा आहे, क्षय आहे, असे घरचे सांगत. परतफेडीचा हप्ता चुकला, की वसुलीसाठी गेलेल्या माणसाला पुष्कळदा दारात विधवाच भेटे.

तो दमा नव्हता. क्वार्ट्‌झच्या धुळीतील मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान कण नाकात वा घशात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या कोषांपर्यंत पोहोचतात. तेथील संरक्षक पेशी त्यांना गिळतात. साधी धूळ असती, तर काम संपले असते. पण हा दगड कशातच विरघळत नाही. पेशीच मरते, कण मोकळा होतो, त्याला दुसरी पेशी गिळते, तीही मरते. प्रत्येक वेळी भोवती व्रणाची ऊती तयार होते आणि मऊ फुप्फुस हळूहळू घट्ट होत जाते. या रोगाचे नाव सिलिकोसिस. काम सोडल्यानंतरही तो वाढू शकतो. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. त्यातच अशा फुप्फुसाला क्षयाची बाधा लवकर होते आणि एक्स-रेमध्ये दोहोंच्या खुणा सारख्या दिसत असल्यामुळे कित्येकांना वर्षानुवर्षे केवळ क्षयाचीच औषधे दिली जातात. 1997 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या धुळीची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांत केली. विशेष हे, की ताजी फुटलेली, नुकतीच घासलेली धूळ अधिक घातक असते. चाकासमोर बसलेल्या माणसाच्या वाट्याला नेमकी तीच येते.

म्हणजे प्रयोगशाळेच्या खलात जो गुण आपण वाखाणला, न झिजण्याचा आणि न विरघळण्याचा, तोच येथे जीवघेणा ठरतो.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या कारागिरांच्या तपासण्या केल्या, रोगाचे अस्तित्व नोंदवले आणि धूळ ओढून घेणारी साधी यंत्रणाही सुचवली. 1948 च्या कारखाना कायद्याने हा रोग कळवणे बंधनकारक केले, नुकसानभरपाईच्या कायद्यातही त्याचा समावेश झाला. पण कायदा कारखान्याला लागू होतो, पडवीला नव्हे. पडवीत मालक कोण? दगड देणारा व्यापारी, की घासणारा स्वतः? हजेरीपत्रक नाही, पगाराची पावती नाही. रोग सिद्ध झाला, तरी दावा कोणावर करायचा, हा प्रश्न तसाच उभा राहतो. कारखाने होते तेथेही स्थिती फार निराळी नव्हती. गोध्रा आणि बालासिनोर येथे क्वार्ट्‌झची पूड करणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर भागातून आदिवासी मजूर जात. घरी परतल्यावर ते मरत. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अशा 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लक्ष रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. त्यासाठी किती वर्षांची झुंज लागली, हे त्या कुटुंबांनाच ठाऊक.

उपाय अज्ञात आहे असेही नाही. चाकावर पाण्याची धार सोडली, तर बरीचशी धूळ उडण्याआधीच चिखल होऊन खाली बसते. तोंडाशी धूळ ओढणारा पंखा आणि पिशवी लावली, तर उरलेलीही बरीच अडते. घासाईची जागा राहत्या घरापासून वेगळी केली, तर निदान बायकामुले वाचतात. तोंडाला बांधलेल्या फडक्याचा मात्र उपयोग नाही; हे कण कापडाच्या विणीतून सहज जातात. कारागिरांचाही आक्षेप मी ऐकला आहे: पाण्यात दगडाचा रंग आणि आकार नीट दिसत नाही, थंडीत हात बधिर होतात, काम हळू होते, आणि नगावर मजुरी मिळते. शेवटचे कारणच खरे. कच्च्या अकीकाला किंमत अगदी थोडी असते. मण्याच्या भावात दगडाचा वाटा कमी आणि श्रमाचा अधिक. अशा मालात खरेदीदाराने भाव पाडला, की काटकसर दगडात होऊ शकत नाही, ती श्रमात होते. आधी पाणी जाते, मग पंखा जातो. हा हिशेब कळायला बँकेची परीक्षा द्यावी लागत नाही. आपण तो रोज गल्ल्यावर बसून करतो.

आपल्या घरांत रेशीम घेताना किडा विचारला जातो, मोती घेताना शिंपला विचारला जातो, मुखवासाच्या वर्खाविषयीही चौकशी होते. दगडाची माळ मात्र सर्वांत निरुपद्रवी म्हणून निःशंक घेतली जाते. माझे म्हणणे इतकेच, की तीच चौकशी येथेही व्हावी, आणि त्यात केवळ पृथ्वीकायाचा नव्हे, तर चाकासमोर बसलेल्या पंचेंद्रियाचाही विचार व्हावा.

खरेदीविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी. स्फटिकाच्या नावाने काच पुष्कळ विकली जाते. खरा स्फटिक गालाला लावला, तर काचेहून अधिक थंड लागतो आणि उबेला वेळ घेतो. आत गोल बुडबुडे दिसले, तर ती काच समजावी. स्फटिकाच्या गोळ्यातून कागदावरील एक बारीक रेघ पाहिली आणि गोळा फिरवला, तर काही दिशांनी ती दुहेरी दिसते. काचेत कधीच दिसत नाही. गडद निळा, गुलाबी वा पोपटी अकीक हा बहुधा रंगवलेला असतो, आणि बाजारातील एकसारखा काळा ‘ऑनिक्स’ जवळजवळ नेहमीच. जर्मनीतील इडार-ओबरश्टाइन गावाच्या कारागिरांनी हे तंत्र एकोणिसाव्या शतकात पूर्णत्वास नेले: दगड साखरेच्या पाकात मुरवायचा, मग गंधकाम्लात. छिद्रांत शिरलेली साखर जळून कोळसा होते आणि दगड कायमचा काळा. यात फसवणूक नाही, विक्रेत्याने सांगितले तर. न सांगता नैसर्गिक म्हणून विकला, तर आहे. पिवळा सिट्रीन म्हणून मिळणारे पुष्कळ खडे मुळात जांभळे ॲमेथिस्ट असतात, भट्टीत तापवून पिवळे केलेले. रोग बरा करणारे किंवा धंदा वाढवणारे म्हणून जे खडे विकले जातात, त्यांविषयी एवढेच म्हणेन, की असे आश्वासन कोणत्याही शाखेने तारणाशिवाय स्वीकारले नसते.

ज्यांच्या पेढीवर हा माल ठोक भावाने येतो, त्यांनी पुरवठादाराला आणखी दोन प्रश्न विचारावेत: घासाई ओली की कोरडी, आणि चाक घरात की वेगळ्या शेडमध्ये. पहिल्या वेळी तो हसेल. मागणीपत्रावर ही अट लिहून आली आणि त्यापोटी मण्यामागे काही पैसे अधिक देण्याची तयारी दिसली, की तो शेड दाखवायला नेईल. गेलात तर चाकाजवळच्या माणसाला नव्हे, चाकाजवळच्या भिंतीला बोट लावून पाहा. ओल्या घासाईच्या भिंतीवर करड्या चिखलाचे शिंतोडे वाळलेले असतात. कोरडीच्या भिंतीवर बोट पांढरे होते.